विटाळ नव्हे, जंतू : लोणारच्या चिखलापासून आपल्या रांजणापर्यंत

जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, आपल्या जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, हे वाचकांना आठवत असेल. मोबाइलवर फोटो फिरले आणि फोटोंबरोबर अर्थही फिरले. कोणी कोप म्हणाले, कोणी चमत्कार. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही आले आणि वन विभागाने पाण्याचे नमुने तपासणीला पाठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले की पाण्यात मीठ फार वाढले होते आणि त्यामुळे खाऱ्या पाण्यातच वाढणारे 'हॅलोआर्किया' नावाचे सूक्ष्मजीव माजले होते. त्यांच्या अंगातला रंग गुलाबी असतो. बाटलीतले पाणी स्थिर ठेवले, तेव्हा हे जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. कोप नाही, चमत्कारही नाही.

पण लोणारच्या सूक्ष्मजीवांची चौकशी २०२० साली सुरू झालेली नाही. तिला कितीतरी आधीपासूनचा इतिहास आहे आणि त्यात एक नाव पुन्हा पुन्हा येते, ते डॉ. योगेश शौचे यांचे. या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही त्यांच्या कामाची ओळख करून देत आहोत. आरोग्याच्या पानावर शास्त्रज्ञ कशाला, असे कोणी विचारील. 'पाणी कशाने बाटते' हा प्रश्न आपल्या समाजाला हजारो वर्षे छळत आला आहे आणि त्याचे खरे उत्तर सूक्ष्मजीवशास्त्राकडे आहे, म्हणून.

डॉ. शौचे यांनी पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केले. त्यांच्या कामाची पद्धत आधी समजून घेऊ. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पूर्वी शास्त्रज्ञ काचेच्या बशीत खाद्य घालून जंतू वाढवत आणि मग ओळखत. पण निसर्गातले बहुतेक जंतू अशा बशीत वाढतच नाहीत. एखाद्या वस्तीची शिरगणती फक्त चावडीवर हजर राहिलेल्या माणसांवरून करावी, तसला तो प्रकार होता. पुढे नवी रीत आली. चिखल, पाणी, विष्ठा, काहीही घ्यायचे, त्यातला सगळा डीएनए काढायचा आणि प्रत्येक जिवाणूत असणारा एक ठरावीक जनुक वाचायचा. त्या जनुकातल्या फरकावरून कोण कोण तिथे राहते ते कळते. ते वाढोत वा न वाढोत, त्यांची नोंद होते. ही रीत आपल्या देशातल्या मातीला, पाण्याला आणि माणसांच्या पोटाला लावून पाहणाऱ्यांत शौचे आणि त्यांचे विद्यार्थी अग्रभागी होते.

लोणारला ती रीत त्यांनी लावली. उल्केच्या आघाताने बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या, थरात झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. त्याचे पाणी खारे तर आहेच, शिवाय धुण्याच्या सोड्यासारखे अल्कधर्मी आहे. मासा त्यात जगत नाही. पण चिखलाच्या चिमटीत जिवाणूंची दाटी निघाली, आणि त्या जिवाणूंविषयीचा या गटाचा शोधनिबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. पुढे इंग्लंडमधल्या वॉरविक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी याच चिखलात मिथेनसारखे एक कार्बनचे पदार्थ खाऊन जगणारे जिवाणू शोधले. तो निबंध २०१० चा. मिथेन म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू. तो हवेत गेला की पृथ्वी तापवतो, म्हणून तो खाणारे जीव जगाला महत्त्वाचे वाटतात. त्याच कामातून २०१२ साली लोणारच्या चिखलातल्या एका नव्या जिवाणूची शास्त्रीय नोंद झाली. त्याचे नाव 'मिथायलोफागा लोनारेन्सिस'. आपल्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाचे नाव असे जगभरच्या जंतूंच्या वहीत कायमचे लिहिले गेले. लोणारमधून इतरही नवे जिवाणू नोंदले गेले. हैदराबादच्या शास्त्रज्ञांना तिथे सापडलेल्या एका नव्या कुळाला तर भारताच्या नावावरून 'इंडिबॅक्टर' म्हणतात.

आकाशाचीही एक गोष्ट आहे. २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून इस्रोचा एक फुगा सोडण्यात आला. त्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा बंद नळ्यांत भरून आणली. त्या मोहिमेचे नेतृत्व डॉ. जयंत नारळीकर करत होते. नळ्या दोन ठिकाणी वाटून दिल्या, एक हैदराबादची प्रयोगशाळा आणि दुसरी शौचे यांची पुण्याची. दोघांनी आपापले काम स्वतंत्र करायचे. तीन नवे जिवाणू सापडले. एकाला शास्त्रज्ञ हॉयल यांचे, एकाला इस्रोचे आणि एकाला आर्यभटाचे नाव मिळाले. आम्हाला यात नवलाईपेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. एकाच्या शब्दावर कोणी विसंबले नाही, दोन ठिकाणी तपासले. कालामांना तथागतांनी जी कसोटी सांगितली, ती आपण विहारात ऐकतो. प्रयोगशाळेत ती रोजची शिस्त आहे.

शौचे यांच्या गटाचे डासांच्या आतड्यावरचे कामही जुने आहे. क्युलेक्स जातीचा डास, जो नालीच्या घाण पाण्यात वाढतो आणि हत्तीरोग पसरवतो, त्याच्या पोटात त्यांना एक नवा जिवाणू मिळाला. त्याची नोंद २००२ साली झाली.

शास्त्रज्ञाचा प्रभाव कशाने मोजतात? एक मोजमाप म्हणजे इतरांनी आपल्या निबंधात 'हे आधी अमक्याने दाखवले' असा उल्लेख किती वेळा केला. शौचे यांच्या निबंधांचे असे उल्लेख हजारोंनी आहेत. पण आमच्या मते त्यांचा खरा वारसा एका कोठारात आहे. २००९ साली पुण्यात त्यांच्या पुढाकाराने सूक्ष्मजीवांचा एक राष्ट्रीय संग्रह सुरू झाला, ज्याला आज राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र म्हणतात. शेतकरी जसे बियाणे जपून ठेवतो, तसे तिथे देशभरातून आलेले लाखाहून अधिक जंतू गोठवून ठेवलेले आहेत. नवा जिवाणू सापडल्याचे कोणी म्हटले, तर नियम असा की त्याचा नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो, म्हणजे ज्याला शंका आहे तो मागवून स्वतः पाहू शकतो. २०११ पासून या संग्रहाला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. खेड्यातल्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलीलाही, तिला नाशिकच्या मातीत काही सापडले, तर ते ठेवायला आता परदेशाकडेच पाहावे लागत नाही.

नाशिकवरून आठवले, आणि इथे आम्ही मुद्द्याशी येतो.

२०१५ साली नाशिकला कुंभमेळा भरला. शौचे यांच्या केंद्रातल्या गटाने, ज्यात ते स्वतः सहलेखक होते, मेळ्याच्या काळात गोदावरीच्या पाच ठिकाणचे पाणी घेऊन जंतूंची मोजदाद केली. नदीत स्वाभाविकपणे राहणाऱ्या जिवाणूंची विविधता सुमारे ३७.५ टक्क्यांनी घटली. जिवाणूंची एकूण संख्या मात्र जवळजवळ १३० पट झाली. हे वाढलेले जिवाणू माणसांच्या अंगावरून आणि पोटातून आलेले होते. त्यांच्यात रोग निर्माण करणारी आणि औषधांना न जुमानणारी जनुकेही वाढल्याचे दिसले. ज्या गावात १९३० साली काळाराम मंदिराचे दार आपल्या माणसांना बंद होते, कारण काय तर त्यांच्या येण्याने देव बाटेल, त्याच गावच्या नदीचे हे मोजमाप आहे. आंघोळ करणाऱ्यांत कोण कोणत्या जातीचा, हे जंतूंनी पाहिले नाही. गर्दी होती, पाणी थोडे होते, म्हणून जंतू वाढले. उद्या आपण धम्माच्या नावाने एखाद्या कुंडात अशीच गर्दी केली, तर तिथेही वाढतील. विज्ञान आपल्यालाही सूट देत नाही, हे लक्षात असू द्यावे.

आता महाडकडे पाहा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्यानंतर सवर्णांनी तळे 'शुद्ध' केले. कसे? दही, दूध, शेण आणि गोमूत्र भरलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत तळ्यात ओतून. आरोग्य पानावरून आम्ही याकडे फक्त पाण्याच्या दृष्टीने पाहतो. माणसाने ओंजळभर पाणी घेतल्याने तळ्याचे काही बिघडत नाही. शेण मात्र पिण्याच्या पाण्यात पडले की आतड्यातले जंतू त्याबरोबर पडतात, जनावर कितीही पवित्र मानलेले असो. हे १९२७ साली कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाला कलकत्त्यात, लोक जिथे आंघोळ करत आणि पाणी पीत अशा तळ्यात, १८८४ सालीच सापडला होता. त्याला ४३ वर्षे होऊन गेली होती. ज्ञान होते, ते विटाळाच्या भिंतीपाशी अडले. तळ्यावरच्या हक्काचा निकाल उच्च न्यायालयात आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

विटाळ जन्मावरून ठरतो आणि जंतू तपासणीवरून, हा फरक मुलांना समजावून सांगा. आणि तो स्वतःलाही सांगा, कारण विटाळ आपल्याही घरात कुठे कुठे दबा धरून बसलेला असतो. पाळीच्या दिवसांत मुलीला माठाला हात लावू न देणारे घर आपल्या वस्तीत एकही नाही, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? पाळीने पाणी बिघडत नाही. संडासहून आल्यावर साबणाने न धुतलेल्या हाताने बिघडते, मग तो हात घरातल्या कर्त्या पुरुषाचा का असेना.

शेगाव तालुक्यातल्या काही गावांत २०२४ च्या अखेरीस लोकांचे केस झपाट्याने गळू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला, आणि हे एकाचे दुसऱ्याला लागते अशी भीतीही पसरली. पुढे तपासण्यांत रुग्णांच्या शरीरात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले. नुसत्या डोळ्यांनी पाहून कारण सांगणारा, तो कितीही जाणता असो, चुकू शकतो.

आता पोटाकडे वळू. सगळेच जंतू वैरी नसतात. आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात, ते अन्न पचवायला मदत करतात आणि वाईट जंतूंना जागा मिळू देत नाहीत. शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंचा अभ्यास केला. २०१६ च्या त्यांच्या निबंधात दिसले की इतर देशांतल्या लोकांच्या तुलनेत भारतीयांच्या पोटात 'प्रीव्होटेला' आणि 'मेगास्फेरा' हे दोन गट जास्त आढळतात. प्रीव्होटेला हा धान्य, डाळी, भाज्या यांचा कोंडा-चोथा भरपूर खाणाऱ्यांत जास्त असतो, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसले आहे. म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी हे जे जेवण आपण गरिबीचे समजून लाजतो, त्यावर पोटातली ही वस्ती पोसली जाते. दहा रुपयांच्या कुरकुऱ्याच्या पाकिटावर आणि मैद्याच्या बिस्किटांवर ती पोसली जात नाही. भाकर खाल्ली म्हणजे आजार होणार नाही, असे मात्र कोणी समजू नये.

ही वस्ती आपण सर्वात जास्त उद्ध्वस्त करतो ती मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांनी. पोरगं दोनदा पातळ बसले की दुकानदाराला सांगून अँटिबायोटिक आणायचे, दोन दिवस द्यायचे, बरे वाटले की बंद. साध्या पाण्यासारख्या जुलाबाला बहुधा या औषधाची गरजच नसते. ते चांगल्या जंतूंनाही मारते आणि उरलेल्या वाईट जंतूंना निर्ढावते. गोदावरीत दिसलेली औषधाला न जुमानणारी जनुके आकाशातून पडली नव्हती. डॉक्टरांनी लिहून दिले असेल तरच घ्या आणि त्यांनी सांगितले तितके दिवस घ्या.

जुलाबात जीव जातो तो अंगातले पाणी आणि क्षार संपल्याने. त्यासाठी आशाताईकडे ओआरएसचे पाकीट असते. एक पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि २४ तासांत संपवा, उरले तर फेकून नवे करा. अर्धे पाकीट पेल्यात टाकू नका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. बाळाचे अंगावरचे दूध चालूच ठेवा. बरोबर झिंकची गोळी १४ दिवस द्या. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा. शौचात रक्त दिसले, मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी होईना किंवा काहीच पोटात ठरेना, तर घरी वेळ न घालवता दवाखाना गाठा.

आजारी माणसाची किळस न करणे, हेही आपल्याला तथागतांकडून मिळालेले आहे. पोटाच्या विकाराने आपल्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूला त्यांनी आणि आनंदाने स्वतः धुऊन काढल्याची कथा विनयात आहे. सेवा करावी, आणि नंतर हात साबणाने धुवावेत. दोन्ही.

भिक्खूंच्या आठ परिष्कारांमध्ये पाणी गाळायचे कापड असते. ते पाण्यातल्या बारीक जीवांची हिंसा टाळण्यासाठी. अमेरिकेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत जुनी सुती साडी किमान चार पदरी घडी करून पाणी गाळायला शिकवले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तिथे कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला, कारण कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून राहतात आणि किड्यांबरोबर कापडात अडकतात. सुटे जंतू मात्र कापडातून सहज निघून जातात. म्हणून गाळल्यावर पाणी उकळावे किंवा त्यात क्लोरीन हवे. आमच्या संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना : उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. खाऱ्या बोअरचे पाणी उकळून पिणे हा मूत्रपिंडाच्या आजारावरचा उपाय नव्हे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत एकाच आठवड्यात लहान मुलांना जुलाब लागले. सगळे म्हणाले, नळाचे पाणी खराब. आम्ही पाणी तपासणीच्या बाटल्या मिळवल्या, ज्यांत खुणेपर्यंत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवले आणि आत विष्ठेतले जंतू असले तर पाणी काळे पडते. नळाचे पाणी भरले आणि त्याच घरांतल्या रांजणांचेही भरले. विहाराच्या कट्ट्यावर नावे लिहून बाटल्या मांडल्या. दुसऱ्या दिवशी नळाच्या बहुतेक बाटल्या जशाच्या तशा होत्या आणि रांजणांच्या काळ्या. पाणी येताना चांगले होते, आम्हीच ते बिघडवत होतो. पेला धरलेली बोटे रांजणात बुडत होती, झाकण म्हणून फुटकी पाटी होती आणि रांजण घासून किती दिवस झाले ते कोणालाच आठवत नव्हते. एका आजीने तर बाटलीकडे बराच वेळ पाहून विचारले, "हे माझ्या हातचं व्हय?" त्या दिवशी कोणी हसले नाही.

रांजण घासले, उन्हात वाळवले, लांब दांड्याचे वगराळे आणले. दहा दिवसांनी पुन्हा बाटल्या मांडल्या, तेव्हा काळ्या फारच थोड्या निघाल्या. दोन घरांच्या मात्र नळाच्याच बाटल्या दोन्ही वेळा काळ्या झाल्या. त्यांची पाइपलाइन नालीतून जाते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे आम्ही टीसीएल पावडर रोज टाकल्याची नोंदवही पाहायला मागितली. त्या दोन घरांच्या नळाला क्लोरीन पोहोचते का, हे पाहण्यासाठी ओटी टेस्ट आमच्यासमोर करून घेतली. रंग आला नाही, म्हणजे क्लोरीन नव्हते. पाइप बदलण्याचा लेखी अर्ज बाटल्यांच्या फोटोंसह दिला आहे. पोच घेतली आहे. पाइप अजून बदललेला नाही, म्हणून ती दोन्ही घरे सध्या पाणी उकळून पितात आणि दर महिन्याला आम्ही त्यांच्या बाटल्या पुन्हा मांडतो.